घरगुती विचार : दोन पांढऱ्यांचा वाद

गेल्या भाद्रपदांत, गौरी-गणपतीची धांदल आटोपून चार दिवस झाले नसतील, तोंच बदलापूरच्या माझ्या धाकट्या दिरांचा निरोप आला : "वहिनी, एक दिवस सवड काढून याच. घरांत मोठा पेंच पडला आहे." मी अंबरनाथास राहतें, तेथून बदलापूर म्हणजे आगगाडीनें घटकाभराचाहि प्रवास नाहीं. सासूबाई त्यांच्याकडे असतात आणि त्यांचें वय ब्यायशीं. तेव्हां 'पेंच' या शब्दानें माझ्या मनांत नको तें आलें व दुसऱ्याच दिवशीं सकाळीं मी तेथें जाऊन पोहोंचलें. पाहतें तों सासूबाई खिडकीशीं वाती वळीत स्वस्थ बसलेल्या, आणि जेवणाच्या टेबलावर पत्त्याएवढे दोन कागदाचे तुकडे ठेवून त्यांच्याभोंवतीं बाकीची मंडळी न्यायाधीशांच्या मुद्रेनें बसलेली!

दोन्ही तुकडे पांढरे. घराच्या आंतल्या भिंतींना रंग द्यावयाचा होता. पांढरा द्यावा याविषयीं एकमत होतें. कोणता पांढरा द्यावा यावरून मात्र अबोला होण्याची वेळ आली होती. कारखानदारांनीं त्या दोन छटांना दिलेलीं नांवें कोठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरून व धुक्यावरून घेतलेलीं. तीं कोणाच्या ध्यानांत राहीनात. म्हणून माझ्या पुतणीनें एकीस 'साय' व दुसरीस 'चुना' अशीं नांवें ठेविलीं होतीं, आणि तीं मला फार समर्पक वाटलीं. साय किंचित् पिवळसर, चुना किंचित् निळसर-करडा. परंतु हें 'किंचित्' इतकें सूक्ष्म कीं, एकेक तुकडा निराळ्या खोलींत नेऊन दाखविला असता तर यांतील कोणता कोणता हें शपथेवर सांगण्यास कोणीहि धजलें नसतें. भावोजी सायीच्या पक्षाचे, जाऊबाई चुन्याच्या.

वाचकांपैकीं कित्येकांस हा वाद पोरकट वाटेल. मलाहि घटकाभर वाटला. पण एकदां दिलेला रंग पांच-सात वर्षें भिंतीवर राहतो, त्याच्या खर्चानें मध्यमस्थितींतील गृहस्थाचा वर्षाचा हिशेब हालतो, आणि येथें तर त्या भिंती दिवसाचे बारा-चौदा तास जिला पहावयाच्या तीच व्यक्ति या वादांत एक शब्द बोलत नव्हती. सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला होता; शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करावयाची ठरली होती. श्रावणांत त्या घरांतल्या घरांत पडतां पडतां वांचल्या होत्या. त्या पडण्याचा भिंतीच्या रंगाशीं कांहीं संबंध असेल हें मात्र त्या दिवशीं आम्हां कोणाच्याच डोक्यांत आलें नाहीं.

आमच्या लहानपणीं असले वाद नव्हते असें आपण म्हणतों. तें सर्वस्वीं खरें नाहीं. दिवाळीपूर्वीं चुन्याच्या कळ्या पिंपांत भिजत पडत, पाणी रटरटूं लागे, मग तो चुना फडक्यानें गाळून त्यांत डिंकाचें पाणी घालीत, आणि शेवटीं निळीची पुरचुंडी त्यांत फिरवीत. किती फिरवावी, यावर माझी आई व आत्या यांचें दरवर्षीं वाजे. आत्येला भिंत धुतलेल्या धोतरासारखी हवी असे, आई म्हणे, "इतकी नीळ घातलीस तर घरांत बसल्यावर थंडी वाजेल." नुसत्या चुन्याला किंचित् पिवळेपणा असतो. नीळ तो पिवळेपणा मारते, आणि आपल्या डोळ्यांस भिंत अधिक पांढरी झाल्यासारखी भासते. वस्तुतः निळीनें भिंतीवरून परतणारा प्रकाश थोडा कमीच होतो. म्हणजे साय कीं चुना हा झगडा तेव्हांहि होताच; फक्त तो पुरचुंडीच्या फेऱ्यांत मोजला जाई, आणि चुकलें तर पुढच्या दिवाळीस सुधारतां येई. वर्षाला एकदां चुकण्याची ही मुभा आपण गमावून बसलों आहों.

आजचा पांढरा रंग निराळ्या द्रव्याचा असतो. टायटॅनियम डायऑक्साइड नांवाची भुकटी गेल्या शतकाच्या आरंभीं कारखान्यांतून निघूं लागली आणि तिनें हळूहळू शिशाच्या सफेत्यास हुसकून लावलें. हें चांगलेंच झालें, कारण शिसें हें विष आहे व लहान मुलांस तें अधिक बाधतें. आपल्याकडे २०१६ सालच्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरतें मर्यादित केलें. जुन्या दारां-खिडक्यांवरील तैलरंग मात्र त्यापूर्वींचा असूं शकतो. तो कोरडा खरवडून घरभर धूळ करूं नये, आणि त्या वेळीं मुलांना दुसरीकडे पाठवावें, एवढें येथें जातां जातां सांगून ठेवतें.

दुपारीं आम्ही तिघी उल्हासनगरास गेलों. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं त्या बराकींत संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून वसाहतीस आजचें नांव मिळालें. लोकांच्या तोंडीं मात्र अजून एक नंबर कॅम्प, पांच नंबर कॅम्प असेंच असतें. तेथील एका रंगाच्या दुकानांत यंत्र होतें. दुकानदारानें पांढऱ्या रंगाचा डबा त्याखालीं ठेवला, आंकडा दाबला, आणि वरून पिवळ्या मातीच्या रंगाचे व काळ्याचे कांहीं थेंब टपटप पडले. झाली साय. दुसऱ्या डब्यांत पिवळें कमी, काळें अधिक, आणि निळ्याचा अंश, झाला चुना. पंधरा दिवसांचें भांडण हें एवढ्या थेंबांचें! माझी जाऊ दुकानाच्या दिव्याखालीं दोन्ही डब्यांत पाहूं लागली, तेव्हां तो दुकानदार हंसून म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या गजानन मार्केटांत साडी घेतां तेव्हां ती बाहेर रस्त्यावर उन्हांत नेऊन पहातां कीं नाहीं? मग भिंत येथें आंत काय पहातां?"

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. रंग डब्यांत नसतो. त्यावर पडणारा उजेड, शेजारची वस्तु आणि पाहणाराचा डोळा या तिघांच्या संगनमतानें तो होतो. आमच्या अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें. त्याचा पाषाण काळा, असें आपण एका शब्दांत सांगतों. परंतु वैशाखाच्या दुपारीं तोच पाषाण राखेसारखा करडा दिसतो, आणि आषाढांत भिजला म्हणजे काजळासारखा. पाषाणास काळें म्हणून भागतें, कारण त्याच्या शेजारीं दुसऱ्या काळ्याचा तुकडा धरून कोणी भांडत नाहीं.

शेजारच्या वस्तूचा प्रताप फ्रान्समधील शेव्हरल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें उलगडून दाखविला. पॅरिस येथील गोब्लँच्या सरकारी विणकामशाळेंत तो रंगणीखात्याचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, रंग कच्चा असला पाहिजे, अशी तक्रार त्याच्यापुढें आली. त्यानें इतर ठिकाणचे काळे धागे आणवून ताडून पाहिले. धाग्यांत कांहीं खोट नव्हती. शेजारचा निळा आपल्या उलट छटेची झांक काळ्यावर टाकीत होता, आणि तीहि धाग्यावर नव्हे, पाहणाराच्या डोळ्यांत. यावर त्यानें १८३९ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. (गृहस्थ एकशें दोन वर्षें जगला. रंगाच्या वादानें आयुष्य घटतें असें म्हणणारांनीं याची नोंद घ्यावी.) आमच्या टेबलावर तेंच चाललें होतें. साय आणि चुना शेजारीं शेजारीं ठेवल्यामुळें साय आहे त्याहून पिवळी व चुना आहे त्याहून निळा दिसे, आणि प्रत्येक पक्षास दुसऱ्याचा दोष स्पष्ट दिसे.

म्हणून मीं पहिला ठराव असा केला कीं, ते पत्त्याएवढे तुकडे कपाटांत बंद करावेत. दोन्ही रंगांचे सर्वांत लहान डबे आम्हीं विकत आणले होते. पुतणीनें दोन हात लांबीचे दोन जाड पुठ्ठे घेतले, प्रत्येकावर एक रंग दोनदां दिला, आणि दोन्ही दिवस-रात्र वाळूं दिले. हें वाळूं देणें महत्त्वाचें आहे. चुन्याची सफेदी ओली असतां मळकट दिसते व वाळतां वाळतां पांढरी होते. आजच्या पाण्यांत मिसळणाऱ्या रंगाचें बहुधा याच्या उलट, ओला असतां फिका आणि वाळल्यावर किंचित् गडद. ओला हात पाहून रंगाऱ्यास शाबासकी देणारे यजमान दुसऱ्या दिवशीं त्याच्याशीं भांडतात तें यामुळें.

मग एका वेळीं एकच पुठ्ठा भिंतीशीं उभा करावयाचा, दुसरा नजरेआड. आणि सकाळीं, दुपारीं, तिन्हीसांजेस व दिवे लागल्यावर पहावयाचें असा क्रम आठवडाभर चालला. त्यांतून जें निघालें तें दोन्ही पक्षांस गैरसोयीचें होतें. सासूबाईंची खोली उत्तरेकडे तोंड करून आहे. तेथें ऊन असें येतच नाहीं. आभाळाचा निळसर उजेड येतो, आणि पावसाळ्यांत समोरच्या झाडांचा हिरवा. त्या खोलींत ढगाळ दुपारीं चार वाजतां चुन्याचा पुठ्ठा एखाद्या इस्पितळाच्या ओसरीसारखा दिसला; स्वतः जाऊबाईंनींच पदर अंगाभोंवतीं ओढून घेतला. तीच साय तेथें शांत, जवळजवळ शुभ्र भासली. उलट बाहेरची खोली पश्चिमेची. तेथें उतरतें ऊन दुधी फरशीवर पडून भिंतींवर उडतें. त्यांत साय अक्षरशः लोण्यासारखी पिवळी झाली आणि चुना कोठें पांढरा झाला.

दुसरी गोष्ट, पुठ्ठ्यावर दिसतें त्याहून खोलींत रंग अधिक गडद होतो. चार भिंती एकमेकींवर उजेड फेंकतात. एकीवरून निघालेला दुसरीवर, तेथून तिसरीवर, आणि प्रत्येक फेरींत ती छटा थोडी थोडी सांचत जाते. यासाठीं मनांत जी छटा भरली असेल तिच्याहून एक पायरी फिकी घ्यावी. रंगाच्या पुस्तकांत पुष्कळदां भिंत किती उजेड परत देते याचा आंकडा छापलेला असतो, शून्यापासून शंभरापर्यंत. अंधाऱ्या खोलीस मोठा आंकडा घ्यावा हें ठीकच. पण दोन छटांचा तो आंकडा एकच असूनहि एक पिवळी व एक निळी असूं शकते, म्हणून केवळ आंकड्यावर विसंबूं नये.

दिवे लागल्यावर तर निराळाच घोळ. भावोजींनीं काटकसर म्हणून जेथें जो मिळाला तो दिवा लावलेला. एका खोलींत पिवळ्या उजेडाचा, दुसरींत पांढऱ्याफटक. हल्लींच्या दिव्यांच्या खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्व्हिनचे आंकडे असतात. आंकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. ६५०० च्या दिव्याखालीं चुना प्रेतकळा आल्यासारखा दिसला, आणि २७०० च्या दिव्याखालीं साय जणूं वर्षभर समईच्या काजळीखालीं राहिलेल्या देवघराच्या भिंतीसारखी. दिवा बदलावयास शें-दीडशें रुपये पडतात, भिंत बदलावयास हजारों. तेव्हां रात्रीं कोणत्या उजेडांत बसावयाचें हें आधीं ठरवावें, व मग रंगाचा विचार करावा. ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत सहाव्या दिवशीं आली.

या सर्व प्रयोगांत सासूबाईंस दोन्ही पुठ्ठे दाखविले, तेव्हां त्या म्हणाल्या, "मला दोन्ही एकच दिसतात." मुलें हंसलीं. मीहि हंसलें, आणि त्याचें मला पुढें वाईट वाटलें. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळें होत जातें आणि निळा उजेड आंत येऊं देत नाहीं. मोतीबिंदूंत तें अधिकच. ज्या मनुष्याला पिवळ्या कांचेंतून जग दिसतें त्याला साय व चुना यांतील भेद दिसावा कसा? क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचेंहि असेंच झालें होतें. त्याचीं उतारवयांतील चित्रें पिवळ्या-तांबड्या रंगांत बुडालीं, आणि १९२३ सालीं एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर सर्व कांहीं निळें दिसतें म्हणून तो कुरकुर करूं लागला. रंगांवर ज्याची हयात गेली त्याची ही गत.

हंसें ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "साय द्या नाहीं तर चुना द्या. मला भिंत कोठें संपते एवढें कळूं द्या."

तेव्हां श्रावणांतील त्या संध्याकाळचा उलगडा झाला. देवघराकडून त्या आपल्या खोलीकडे येत होत्या. त्या बोळांत भिंत पांढरी, चौकट पांढरी, दार पांढरें, दिव्याच्या बटणांची पट्टी पांढरी आणि खालची फरशी दुधी. त्यांनीं भिंत समजून हात टेकला तो अर्धवट उघड्या दारावर. दार मागें सरलें, व तोल गेला. पुतणी पाठीमागून येत होती म्हणून निभावलें. या वयांत खुब्याचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्या घरांत घडलें असेल त्यांस सांगावयास नको. नवीन घर सजवितांना आम्हीं सर्वांनीं मिळून तें एकसारखें शुभ्र, प्रशस्त दिसावें म्हणून सर्व कडा पुसून टाकल्या होत्या. आणि सासूबाई चार महिने चाचपडत होत्या, पण नव्या घराला नांव ठेवल्यासारखें होईल म्हणून बोलल्या नव्हत्या. वाद दोन पांढऱ्यांचा नव्हताच. पांढऱ्याशेजारीं पांढऱ्याखेरीज दुसरें कांहीं नव्हतें हा खरा दोष होता.

त्यांच्या कोकणांतील माहेरीं भिंतीच्या तळाशीं वीतभर रुंदीचा कावेचा पट्टा असे. आम्ही तो शोभेचा समजत होतों. जमीन सारवितांना उडणारे शिंतोडे त्यावर खपत, हा एक उपयोग. परंतु कंदिलाच्या मिणमिण उजेडांत जमीन कोठें संपली व भिंत कोठें उभी राहिली हेंहि तो पट्टा सांगे. त्या धर्तीवर आम्हीं ठरविलें कीं, सर्व चौकटी सागाच्या गडद रंगाच्या कराव्यात, तळाशीं चार बोटें तपकिरी पट्टी ओढावी, आणि बटणांच्या पट्टीभोंवतीं तसाच कांठ द्यावा. भावोजींस हें आरंभीं जुनाट वाटलें. आईसमोर ते बोलले नाहींत.

काम आश्विनांत उरकण्याची त्यांची घाई मीं थांबविली. बदलापूरचा पाऊस कसा असतो हें तेथील लोकांस ठाऊक आहे. २६ जुलै २००५ चा पूर अजून कोणी विसरलें नाहीं, आणि २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर व वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पाण्यांत अडकून उतारूंना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें होतें. पुराचें पाणी घरांत न आलें तरी चार महिने भिंती पाणी पितात. ओल्या भिंतीवर रंग दिला तर पोपडे निघतात, लोणा फुटतो, आणि मग साय काय नि चुना काय, दोन्ही बुरशीनें एकाच रंगाचे होतात. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवावा. आंतून दंव धरलें तर भिंत अजून ओली आहे असें समजावें. आमच्या येथें दसऱ्यास दंव धरलें. दिवाळीनंतर धरलें नाहीं.

मध्यंतरीं कार्तिकांत सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा-वीस दिवसांनीं त्या एक एक डोळा तळव्यानें झांकून गम्मत पहात बसूं लागल्या. "या डोळ्यानें तूप दिसतें, आणि या डोळ्यानें दूध," असें येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतलें कोळिष्टकहि त्यांना त्याच सुमारास दिसलें, आणि जाऊबाईंचे चार दिवस जरा कठीण गेले. मग आम्हीं पुठ्ठे पुन्हां बाहेर काढले. चुना पाहतांच त्या म्हणाल्या, "अग, हा तर नीळ जास्त झालेला!" माझ्या आईचा शब्द जणूं त्यांच्या मुखानें ऐकूं आला. सायीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीला हा द्या."

मार्गशीर्षांत काम झालें. सासूबाईंच्या उत्तरेच्या खोलीस साय, बाहेरच्या पश्चिमेच्या खोलीस चुना. दोन इतके जवळचे पांढरे एका सलग भिंतीवर कधीं भेटूं देऊं नयेत, कारण मग एक मळलेला दिसतो. आमच्या येथें मध्यें सागाची गडद चौकट असल्यानें घरीं आलेल्या एकाहि पाहुण्याच्या ध्यानांत दोन रंग आले नाहींत. बोळांतून जातांना सासूबाईंचा हात आतां चौकटीवर नेमका पडतो. दोन छटा घेतल्यामुळें डबे सुटे घ्यावे लागून खर्च थोडा वाढला, तो भावोजींनीं वहीत माझ्या नांवावर मांडून ठेवला आहे.

स्वयंपाकघर तेवढें राहिलें आहे. फोडणीच्या वाफेपुढें कोणता टिकेल यावर तेथें नवे दोन पक्ष पडले आहेत, आणि सासूबाईंचा डावा डोळा फाल्गुनांत व्हावयाचा असल्यानें तोंवर निकाल तहकूब आहे. उरलेल्या रंगाचे दोन डबे घट्ट झांकण लावून पोटमाळ्यावर ठेवले आहेत. झांकणांवर पुतणीनें छटेचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या खोलीचा तें लिहून ठेविलें आहे. व त्याखालीं, दुकानदारास कळणार नाहीं पण घरांत सर्वांस कळेल अशा बेतानें, एकावर 'साय' व दुसऱ्यावर 'चुना'.